सर, पेनड्राइव्ह घेत नाहीये

प्रोजेक्ट रिपोर्टचे दिवस आले की आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत हे वाक्य पंख्याच्या आवाजासारखं सतत चालू असतं. आमच्या मशीनवर लिनक्स आहे. बरीचशी उबुंटू, काही डेबियन, एखाददुसरं फेडोरा. मुलं किल्लीच्या जुडग्यातून, कंपासपेटीतून, मोबाइलच्या कव्हरमागून पेनड्राइव्ह काढतात आणि कुठल्याही मोकळ्या मशीनला लावतात. त्यांच्याकडं रूटचा पासवर्ड नाही आणि असताही कामा नये. तरी त्यांचा पेनड्राइव्ह त्यांना लावता यावा, काढता यावा, आणि त्यासाठी दर वेळी मला उठावं लागू नये, एवढंच मागणं. ते पुरं करताना जे हाती लागलं ते इथं लिहितो. आकडे घातलेत ते वाचायच्या सोयीसाठी. महत्त्वानुसार क्रम लावलेला नाही.

१. नकारामागचं कारण आधी समजून घ्यावं

माउंट करणं म्हणजे बाहेरच्या डिस्कवरची फाइलव्यवस्था आपल्या फोल्डरांच्या झाडात एका ठिकाणी जोडणं. ही जोडणी कर्नल करतो आणि ती रूटशिवाय कोणाला करू देत नाही. नव्या माणसाला हा निव्वळ आडमुठेपणा वाटतो. पण समजा, कोणालाही काहीही कुठंही जोडायची मुभा दिली. एखादा हुशार मुलगा घरच्या मशीनवर, जिथं तो स्वतः रूट आहे, पेनड्राइव्हवर एक शेल ठेवून त्याला रूटची सेटयूआयडी खूण लावून आणेल. आमच्या मशीनवर तो शेल चालवला की झाला तो रूट. दुसरा एखादा पेनड्राइव्हवर डिव्हाइस फाइल बनवून आणेल आणि तिच्यातून आतली हार्ड डिस्क सरळ वाचेल. तिसरा आपलं फोल्डर एट्सी या सेटिंगांच्या फोल्डरावरच जोडेल. मग पासवर्डांची फाइल त्याची आणि नियमही त्याचेच.

तीन धोके, तीन बंदोबस्त. पहिल्याला माउंटचा नोसूइड हा पर्याय, दुसऱ्याला नोडेव्ह, आणि तिसऱ्यासाठी जोडायची जागा वापरणाऱ्यानं नव्हे, आपण ठरवायची. सामान्य वापरकर्त्याला माउंट करू देण्याची कोणतीही युक्ती कोणी सांगितली, की मी एवढंच विचारतो: यातलं काय सुटलंय?

२. एफएसटॅबमधली एक ओळ अजून पुरते, पण तिची जागा ओळखून

जुना मार्ग एट्सीतल्या एफएसटॅब फाइलमधून जातो. डिव्हाइस, जोडायचं फोल्डर, फाइलव्यवस्थेचा प्रकार आणि पर्याय. पर्यायांत ‘यूझर’ घातलं की साधा माणूसही त्या ओळीपुरता माउंट करू शकतो. माउंट ही कमांड स्वतः सेटयूआयडी आहे. ती ओळ वाचते, परवानगी दिसली तर पुढं जाते. वापरणाऱ्याला आपल्या पदरचे पर्याय घालता येत नाहीत. ‘यूझर’ लिहिल्याबरोबर नोसूइड, नोडेव्ह आणि नोएक्झेक आपोआप लागू होतात, म्हणजे वरचा बंदोबस्त तयारच असतो. तुम्हीच पुढं ‘एक्झेक’ किंवा ‘सूइड’ लिहून तो मोडलात तर गोष्ट वेगळी.

‘यूझर’ आणि ‘यूझर्स’ यांत एका अक्षराचा फरक, पण परिणाम मोठा. ‘यूझर’मध्ये ज्यानं जोडलं त्यालाच सोडवता येतं. ‘यूझर्स’मध्ये कोणीही सोडवू शकतं. आमच्या प्रिंटिंगच्या खिडकीवर सकाळी एक जण बसतो, दुपारी दुसरी. सकाळच्यानं लावलेली डिस्क दुपारी तिला काढता येईना, म्हणून तिथं ‘यूझर्स’. बाकी ठिकाणी ‘यूझर’च बरा.

सोबत ‘नोऑटो’ हवं, म्हणजे मशीन सुरू होताना ते पेनड्राइव्हची वाट बघत बसणार नाही. कायम जोडलेली बॅकअपची डिस्क असेल तर ‘नोफेल’. ग्रंथालयाच्या मशीनची अशी डिस्क कुणीतरी पिशवीत घालून घरी नेली होती. दुसऱ्या दिवशी मशीन दीड मिनिट थांबलं आणि काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसलं. पुस्तकं बदलायला आलेल्या लोकांची रांग दारापर्यंत गेली. सगळं ‘नोफेल’ या एका शब्दावाचून.

३. एसडीबी आज एक, उद्या दुसरा

आधी लावलेला पेनड्राइव्ह एसडीबी होतो, नंतरचा एसडीसी. पुढच्या वेळी उलटही. म्हणून ठरावीक डिस्कसाठी ओळ लिहायची तर यूयूआयडी किंवा लेबल वापरावं. एलएसबीएलके कमांडला एफ पर्याय दिला की दोन्ही समोर येतात. फॅटचा आकडा आखूड असतो, मधे आडवी रेघ असलेली आठ अक्षरं, ईएक्सटीफोरचा लांबलचक. पण मुलांचे पेनड्राइव्ह रोज नवे, त्यांचे यूयूआयडी कुठवर लिहिणार? एफएसटॅबची हद्द इथं संपते.

४. इन्स्टॉलरनं मागं ठेवलेली ओळ

हे फार जणांना माहीत नसतं म्हणून वेगळं लिहितो. डेबियन पेनड्राइव्हवरून बसवलं असेल, तर इन्स्टॉलर कधी कधी त्याच पेनड्राइव्हला सीडी समजून एफएसटॅबमध्ये त्याची नोंद करून ठेवतो: एसडीबीवन, मीडियाखालचं यूएसबीझीरो फोल्डर, यूझर, नोऑटो. इन्स्टॉलेशन संपलं, पेनड्राइव्ह गेला, ओळ तशीच राहिली. मग पुढं त्या मशीनला लागणारा पहिला पेनड्राइव्ह नेमका एसडीबीवन होतो. डेस्कटॉपची यंत्रणा एफएसटॅबमध्ये ओळ दिसली की आपले नेहमीचे पर्याय बाजूला ठेवते आणि त्या ओळीप्रमाणं चालते. पेनड्राइव्ह भलत्याच जागी उघडतो, कधी मराठी नावं बिघडतात. शेजारच्या मशीनवर तोच पेनड्राइव्ह ठणठणीत चालतो, त्यामुळं सगळे मशीनच्या पोर्टला दोष देतात. ती ओळ खोडली की प्रश्न मिटतो. नवीन डेबियन मशीन हाती आलं की मी आधी एफएसटॅब उघडून बघतो.

५. हक्क त्याला, जो समोर बसलाय

आजच्या डेस्कटॉपवर खरं काम यूडिस्क्स आणि पोलकिट ही जोडी करते. यूडिस्क्स रूट म्हणून पार्श्वभूमीला चालतं. फाइल मॅनेजर त्याला सांगतो की हा पेनड्राइव्ह जोड. यूडिस्क्स पोलकिटला विचारतं की मागणाऱ्याला परवानगी आहे का. होकार आला की ते स्वतः जोडतं: नोसूइड आणि नोडेव्ह लावून, जागाही स्वतःच ठरवून. उबुंटू आणि डेबियनमध्ये मीडियाखाली वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात, फेडोरात रनखालच्या मीडियात. त्या फोल्डरात दुसऱ्या वापरकर्त्याला डोकावता येत नाही. पेनड्राइव्हवाल्याला रूटचा एक कणही मिळत नाही, तरी त्याचं काम होतं. मला ही रचना मनापासून आवडते.

आणि त्यात सर्वांत शहाणपणाची गोष्ट पोलकिटच्या प्रश्नात आहे. तो फक्त ‘तू कोण’ असं विचारत नाही, ‘तू आत्ता कुठं बसलायस’ असंही विचारतो. प्रत्येक कामासाठी त्याच्याकडं तीन खाती असतात: कोणीही, सत्र चालू आहे पण पडद्यासमोर नाही असा, आणि पडद्यासमोर बसलेला. काढता येणारी डिस्क जोडायला पडद्यासमोरच्याला सरळ होकार, बाकी दोघांना ॲडमिनचा पासवर्ड. मशीनच्या आतली डिस्क जोडायची असेल तर मात्र पडद्यासमोरच्यालाही पासवर्ड. तर्क साधा आहे: ज्यानं हातानं पेनड्राइव्ह लावला तो मशीनपाशी आहे, आणि मशीनपाशी असलेल्याचाच तो पेनड्राइव्ह असणार.

दुरून एसएसएचनं आत आलेल्या माणसाला पेनड्राइव्ह का जोडता येत नाही, याचा उलगडा इथं होतो. आमच्या एका मॅडम स्टाफरूममधून प्रयोगशाळेतल्या मशीनवर एसएसएच करायच्या, पेनड्राइव्ह मात्र शिपाई मामांच्या हाती पाठवायच्या. मामा तो लावून यायचे आणि मॅडमना यूडिस्क्स पासवर्ड मागायचं. “अहो, माझंच अकाउंट आहे ना हे?” अकाउंट त्यांचंच, पण खुर्ची रिकामी. लॉगिनसीटीएल कमांडनं सत्र बघितलं की त्यात ‘रिमोट’ला होय असं दिसतं.

अशा ठिकाणी पोलकिटचा एक नियम लिहावा लागतो: अमुक गटातला माणूस असेल आणि मागणी काढता येणारी डिस्क जोडायची असेल, तरच होकार. नवीन पोलकिटमध्ये हा नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहितात आणि एट्सीतल्या पोलकिटच्या रूल्स डी फोल्डरात ठेवतात. २०१२च्या ०.१०६ आवृत्तीपासून हे असं आहे. डेबियन मात्र २०२३मध्ये डेबियन १२ येईपर्यंत जुन्या ०.१०५ आवृत्तीवर थांबलं होतं आणि तिथं पीकेएलए नावाच्या वेगळ्या फाइली लागत. जुन्या पुस्तकातली फाइल नव्या मशीनवर ठेवली की काहीच होत नाही, साधी चूकही दाखवली जात नाही. त्यामुळं नियम लिहिण्याआधी आवृत्ती बघा.

जाता जाता: जुन्या मशीनवर हलका विंडो मॅनेजर टाकला की पेनड्राइव्ह आपोआप उघडेनासा होतो आणि लोक परवानग्या खणत बसतात. यूडिस्क्स तिथं असतं, पोलकिटही असतो. फक्त ‘जोड’ म्हणणारं कोणी नसतं. यूडिस्की नावाचा छोटा प्रोग्राम सत्राबरोबर सुरू केला की ते काम तो करतो.

६. तीन सोपे उपाय, तिन्ही टाळावेत

एक, माउंटसाठी सूडो, पुढं तारांकन आणि पासवर्ड नको. म्हणजे खिडकी उघडता यावी म्हणून अख्ख्या वाड्याची किल्ली देणं. ज्याला माउंट कमांड हव्या त्या पर्यायांनिशी रूट म्हणून चालवता येते तो बाइंड माउंट करू शकतो, म्हणजे कोणत्याही फाइलीच्या जागी आपली फाइल आणून ठेवू शकतो. माउंटच्या जागी शेल ठेवला आणि पुन्हा सूडो माउंट म्हटलं की संपलं.

दोन, मुलांना ‘डिस्क’ गटात घालणं. हा सल्ला अजून फिरतो. या गटाला मशीनमधल्या सगळ्या डिस्क कच्च्या स्वरूपात वाचता-लिहिता येतात, आतल्या हार्ड डिस्कसकट. फाइलींच्या परवानग्या तिथं लागूच पडत नाहीत. डीबगएफएस घेऊन पासवर्डांची शॅडो फाइल सावकाश वाचता येते. ‘डिस्क’ गटात असणं आणि रूट असणं यात फार अंतर नाही.

तीन, माउंटच्या फोल्डराला ७७७. धोका कमी, पण उपयोगही शून्य, कारण जोडणी झाल्यावर ते फोल्डर झाकलं जातं आणि दिसतात त्या पेनड्राइव्हच्या परवानग्या.

७. फॅटला मालक नसतो, ईएक्सटीफोरला असतो

फॅट ही डॉसच्या काळातली व्यवस्था. तिच्यात मालक, गट, परवानग्या हा प्रकारच नाही. लिनक्स जोडताना ते ठरवतं: जो जोडतो तो सगळ्याचा मालक. रूटनं सूडो लावून जोडलं तर सगळ्या फाइली रूटच्या, आणि मग मुलाला त्यावर एक अक्षर लिहिता येत नाही. मग तो सूडो लावून सीएचमॉड करतो. फॅटवर परवानगी लिहून ठेवायला जागाच नसल्यानं त्यातून काही निघत नाही. उपाय जोडतानाच करायचा असतो: यूआयडी, जीआयडी आणि यूमास्क हे पर्याय देऊन.

ईएक्सटीफोरचं नेमकं उलट. तिथं मालक डिस्कवरच लिहिलेला असतो, पण नावानं नव्हे, आकड्यानं. एका मुलीनं घरी लिनक्स घेतलं आणि हौसेनं पेनड्राइव्हही ईएक्सटीफोर केला. घरच्या मशीनवर पहिली वापरकर्ती म्हणून तिचा आकडा १०००. प्रयोगशाळेत १००० हा आकडा माझ्या अकाउंटचा. त्यामुळं तिनं इथं पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फाइलींचा मालक मी! तिला वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. “सर, माझ्या फाइली तुमच्या नावावर कशा?” यूआयडी पर्याय इथं चालत नाही, तो फॅट, एक्सफॅट, एनटीएफएससाठी आहे. दोन मशीनमध्ये फिरणाऱ्या पेनड्राइव्हसाठी मी एक्सफॅट सुचवतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचे तपशील खुले केले आणि २०२०च्या ५.७ कर्नलपासून चांगला ड्रायव्हर आतच असतो. शिवाय फॅट ३२ची एका फाइलीला चार जीबीची मर्यादा तिथं नाही.

८. प्रश्नचिन्हांची माळ

मराठी विभागाच्या मुलांचे पेनड्राइव्ह उघडले की फाइलींची नावं कधी कधी नुसती प्रश्नचिन्हं दिसायची. ‘अहवाल’ची पाच, कारण काना हेही संगणकाच्या लेखी स्वतंत्र अक्षर. पाच अक्षरांच्या दोन फाइली असल्या तर कुठली कोणती ते कळायला मार्ग नाही, आणि क्लिक केलं तर फाइल सापडत नाही म्हणून निरोप. फाइल मात्र शाबूत असते. फॅटवर लांब नावं युनिकोडमध्येच साठवलेली असतात. बिघाड जोडण्यात आहे. हातानं लिहिलेल्या एफएसटॅबच्या ओळीत ‘यूटीएफ८’ हा पर्याय राहून गेला की हे होतं. तो न लिहिता काय होईल हे वितरणागणिक, कर्नल कसा बांधलाय त्यावर ठरतं. यूडिस्क्स तो स्वतःहून देतं, म्हणून डेस्कटॉपवर हा त्रास सहसा दिसत नाही. ‘आयओकॅरसेट’ला यूटीएफ८ देण्याचा जुना उपाय टाळा, मग फॅटवरही लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानली जातात आणि कर्नलही तशी ताकीद देतो.

९. लावण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं

परवानगीची सगळी चर्चा लावण्याभोवती फिरते. नुकसान मात्र जवळजवळ नेहमी काढताना होतं.

कॉपीची पट्टी शेवटाला पोचली म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर गेली असं मुलांना वाटतं. ती रॅममध्ये गेलेली असते. कर्नल असा मजकूर साठवून ठेवतो, साधारण दर पाच सेकंदांनी जागा होतो आणि तीस सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कवर ढकलायला घेतो. स्वस्त, मंद पेनड्राइव्हवर काहीशे एमबीचा व्हिडिओ असेल तर ते ढकलणं मिनिटं घेतं. तेवढ्यात मुलगा पेनड्राइव्ह उपटून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पोचलेला असतो. तिथं पीडीएफ उघडत नाही. दुकानदार म्हणतो, “तुमच्या लिनक्सचं हे असंच.”

यावर भाषण देण्यापेक्षा मी मुलांना एक गोष्ट दाखवतो. मोठी फाइल कॉपी करायला सांगतो आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये वॉच कमांड लावून प्रॉकमधल्या मेमइन्फो फाइलीच्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी चालू ठेवतो. कॉपी संपली असं डेस्कटॉप म्हणतो तेव्हा तिथं लाखांत केबी दिसत असतात. मग तो आकडा हळूहळू उतरू लागतो. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतो. आकडा खाली आला, दिवा स्थिरावला, की मुलं आपणहून म्हणतात, “आता काढू?” मी म्हणतो, “आता अनमाउंट कर, मग काढ.” एकदा हे डोळ्यांनी बघितलेला मुलगा पुन्हा पेनड्राइव्ह उपटत नाही.

‘सिंक’ पर्याय लावून टाका, लिहिलेलं लगेच जाईल, असं काही जण सुचवतात. त्यानं काम फार मंदावतं, आणि मर्यादित वेळाच लिहिता येणाऱ्या फ्लॅशचं आयुष्य त्यानं घटू शकतं, असं माउंटच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. फॅटसाठी ‘फ्लश’ हा मधला मार्ग आहे. तो लवकर लिहायचा प्रयत्न करतो. यूडिस्क्स तोच वापरतं.

दुसरी तक्रार: “सर, बिझी म्हणतोय.” बहुतेक वेळा कारण मुलाच्याच खिडक्यांत असतं. टर्मिनल त्या फोल्डरात उभा असतो, नाहीतर लिबरऑफिसमध्ये रिपोर्ट उघडा असतो. एलएसओएफ किंवा फ्यूझर सांगतं कोण धरून बसलंय ते. आपली स्वतःची कामं बघायला रूट लागत नाही. फ्यूझरच्या ‘के’ पर्यायानं सरसकट मारून टाकायची सवय मी कोणाला लावत नाही, कारण न जतन केलेला रिपोर्टही त्यात जातो. ‘लेझी’ अनमाउंट तर फसवा. नाव झाडातून लगेच दिसेनासं होतं, पण फाइली उघड्याच राहतात आणि लिहायचं बाकी असेल ते बाकीच राहतं.

तिसरी गोष्ट फक्त सामायिक मशीनवर भेटते. एक मुलगा पेनड्राइव्ह लावलेला ठेवून लॉगआउट करून जातो. लॉगआउट झालं म्हणून पेनड्राइव्ह सुटतोच असं नाही. पुढच्या मुलीला तो सोडवता येत नाही, कारण दुसऱ्यानं जोडलेलं सोडवणं हे पोलकिटच्या लेखी वेगळं काम आहे आणि त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. हे योग्यच आहे. मी एवढंच केलं की प्रयोगशाळा सहायकांचा एक गट करून त्या एका कामाची मुभा त्यांना नियमानं दिली. त्यांना रूट दिलं नाही, त्याची गरज पडली नाही.

फिरत्या हार्ड डिस्कला अनमाउंटनंतर पॉवर-ऑफही द्यावं, म्हणजे तबकडी थांबते. कार्ड रीडरला मात्र देऊ नये. अख्खा रीडरच यूएसबीवरून नाहीसा होतो, आणि तो मशीनच्या पुढ्यात बसवलेला असेल तर काढून पुन्हा लावायचीही सोय नसते.

१०. प्रत्येक नकार परवानगीचा नसतो

‘परवानगी नाही’ आणि ‘फक्त वाचता येईल’ हे दोन वेगळे निरोप आहेत. मुलं दोन्ही एकाच सुरात सांगतात. फॅटमध्ये गडबड दिसली की कर्नल ती डिस्क मध्येच फक्त-वाचण्यापुरती करून टाकतो. एफएससीके चालवून दुरुस्त करेपर्यंत तशीच राहते. विंडोजवरून नीट न काढता आणलेली एनटीएफएस डिस्क, २०२१च्या ५.१५ कर्नलपासून आलेला नवा ड्रायव्हर जोडायलाच नकार देतो. ती पुन्हा विंडोजला लावून तपासून घेणं उत्तम. आणि एसडी कार्डाच्या ॲडॉप्टरवरची ती इवलीशी सरकपट्टी. फोटोग्राफीच्या कार्यक्रमानंतर येणाऱ्या तक्रारींत पहिल्यांदा मी तीच बघतो.

११. दार उघडं म्हणजे पहारा सुटला असं नाही

यूडिस्क्सची रचना चांगली आहे म्हणून ती अभेद्य नाही. २०२५च्या जूनमध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की यूडिस्क्स ज्या लिबब्लॉकडेव्ह लायब्ररीवर उभं आहे, ती एक्सएफएस फाइलव्यवस्थेचा आकार बदलताना ती थोडा वेळ जोडते, आणि त्या वेळी नोसूइड आणि नोडेव्ह लावायचं राहून गेलं होतं. पडद्यासमोर बसलेला साधा वापरकर्ता तेवढ्यातून रूट होऊ शकत होता. त्याच्याच जोडीला सुसे कुळातल्या लिनक्समध्ये पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या मांडणीत एक चूक सापडली. तिच्यातून एसएसएचवरून आलेलाही पडद्यासमोर बसल्याचं सोंग घेऊ शकत होता. पहिल्या मुद्द्यातला तोच सेटयूआयडी शेल, इतक्या वर्षांनी, मागच्या खोलीतून आत आला. सुधारणा तातडीनं आल्या, त्या लावल्या. शिवाय डिस्कची मांडणी बदलण्याच्या कामाला पडद्यासमोरच्यालाही ॲडमिनचा पासवर्ड लागेल असा नियम घातला. पेनड्राइव्ह लावणाऱ्याला एक्सएफएसचा आकार बदलायची गरज कधीच नसते.

परीक्षा विभागाच्या मशीनवर आपोआप माउंट होणं मी बंदच ठेवलंय. तिथं पेनड्राइव्ह लावला तरी क्लिक केल्याशिवाय उघडत नाही. मुद्दाम बिघडवलेली फाइलव्यवस्था कर्नललाच पाडू शकते, आणि ती वाचायचं काम कर्नल करतो. तेव्हा निदान कोणीतरी जाणूनबुजून ‘उघड’ म्हणावं.

एक जमेची बाजू मात्र सांगायलाच हवी. गावातल्या अर्ध्याअधिक पेनड्राइव्हवर शॉर्टकट व्हायरस असतो. तो फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे बनावट शॉर्टकट समोर मांडतो. लिनक्स फॅटची लपवण्याची खूण मानत नाही, त्यामुळं खरे फोल्डर आणि बनावट शॉर्टकट शेजारीशेजारी दिसतात. “सर, डेटा गेला” म्हणत दुसऱ्या विभागातून येणाऱ्यांची गर्दी आमच्याकडं असते ती यासाठी.

१२. आता मोबाइल

हल्ली पेनड्राइव्हपेक्षा मोबाइलच जास्त लागतो. अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडला तर तो डिस्क म्हणून येत नाही. एमटीपी नावाच्या बोलीत फाइली देतो-घेतो. कर्नलला काही माउंट करावं लागत नाही. वापरकर्त्याच्याच सत्रातला जीव्हीएफएसचा प्रोग्राम फोनशी बोलतो, त्यामुळं एफएसटॅब, सूडो, गट हे सारं गैरलागू. फोन उघडत नसेल तर मी मशीनकडं बघतही नाही. फोनच्या पडद्यावर वरून खाली ओढायचं, ‘फक्त चार्जिंग’ बदलून ‘फाइल ट्रान्सफर’ करायचं, आणि फोनचं लॉक उघडं ठेवायचं. तरीही दिसला नाही तर केबल बदलायची. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी केबलींत डेटाच्या तारा नसतातच.